झोप कुठली, नुसता डोळा लागतो

“गाडी चालवताना स्लीपी वाटतं?”

“नाय मॅडम.”

“ड्राउझी?”

“तां खोकल्याच्या औषधान येता. बाटलीवर लिवलेला असता.”

माझ्या अंधेरीच्या क्लिनिकमध्ये सावंत बसले होते. राहायला नाहूरला, मरोळच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. बस डिव्हायडरला घासली, म्हणून कंपनीने त्यांना फिटनेस सर्टिफिकेटसाठी पाठवलं होतं. मी झोपेच्या आजारांची डॉक्टर. सर्टिफिकेट नाही तर ड्रायव्हरकी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमचे प्रश्न इंग्रजीत छापलेले असतात आणि पेशंटही हट्टाने इंग्रजीतच उत्तरं देतात. ‘स्लीपी’ म्हटलं तर आळशी ठरू, म्हणून सगळे ‘टायर्ड’ असतात. ऑफिसवाले ‘पॉवर नॅप’ घेतात, तो तर कौतुकाने सांगतात. सावंतही म्हणाले, “टायर्ड होतंय थोडो.” शेवटी वैतागून मी विचारलं, “सिग्नलला डोळा लागतो का हो?”

“तो लागताच! पण तेका झोप कोण म्हणता?”

शेजारी बसलेली त्यांची बायको उसळलीच. “मॅडम, हे जेवताना हातात घास धरून पेंगतात. रात्री घोरता घोरता श्वास थांबतो, मी हलवून उठवते. कुणाला सांगायची सोय नाही. म्हणे, कामावर कळेल.”

टेस्टमध्ये स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालतं आणि माणसाला पत्ता नसतो. राहिलेली झोप मग शरीर दिवसा, मिळेल तिथे उरकतं.

कंपनीच्या ॲडमिन मॅनेजरचा फोन आला. “मॅडम, ‘फटीग’ लिहा ना. चार दिवस सुट्टी देतो, मॅटर क्लोज. चांगला माणूस आहे.”

“चांगला माणूस स्टिअरिंगवर झोपतोय.”

“झोपत नाही हो, झोन आउट होतो. हायवेवर मीपण होतो.”

“मग तुम्हीही या.”

त्याने फोन ठेवला.

मी ‘अनफिट’ लिहिलं. सावंतांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, पण सही बदलण्याइतकं नाही. कंपनीने त्यांना गेटवर बसवलं. घरी श्वासाचं मशीन सुरू झालं. झोपताना नाकावर मास्क लावायचा, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो.

काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. रिपोर्ट उत्तम. ‘फिट’ लिहून कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण उठेनात.

“मॅडम, आज रिक्षान इलंय. सिग्नल लाल झालो, मगे हिरवो झालो. मधला सगळा दिसला. आधी मधला नसायचाच.” कागदाची घडी घालत म्हणाले, “आणि माझ्या पाठी बसभर माणसा असायची.”

बायकोने त्यांचा दंड धरून उठवलं.

छापील प्रश्न मी अजूनही विचारते, नियम आहे. पण आधी ‘डोळा कुठे कुठे लागतो?’ हे विचारते, आणि तेही शक्यतो बायकोला.