ऐनाच्या झाडावरचा माणूस

नोकरी संपल्यावर ठाण्याची जागा विकून आम्ही आटगावला आलो. हवेशीर ठिकाणी दोघांनी राहायचं ठरलं होतं. हवा भरपूर मिळाली, पण वर्षाच्या आत बायको गेली आणि त्या हवेत मी एकटाच उरलो. मग मी एक जुना कॅमेरा घेतला. त्याची लांबलचक लेन्स कॅमेऱ्यापेक्षा महाग पडली. नाकापेक्षा मोती जड. मुलगा फोनवर म्हणाला, "छान केलंत बाबा, वेळ जाईल." वेळ तसाही जातच होता. मला सकाळी उठून कुणाकडे तरी जायला हवं होतं.

कुणाकडे म्हणजे एका झाडाकडे. स्टेशन मागे टाकून पाऊण तास चाललं की भातखाचरांच्या बांधावर एक ऐन आहे. खोड माझ्या मिठीत न मावणारं, आणि वरच्या प्रत्येक फांदीला आवळलेल्या मुठीसारख्या गाठी. त्या गाठींतून दर पावसात सरळसोट फोक फुटतात. खोडात एक ढोली आहे आणि तिच्यात पिंगळ्यांची जोडी राहते. सकाळच्या उन्हात ती दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसत आणि मला असं निरखून बघत की मलाच शर्टाची बटणं तपासावीशी वाटत. त्या झाडाचे मी चार वर्षांत किती फोटो काढले असतील याचा हिशोब नाही. पानगळीतले, पालवीतले, धुक्यातले, नुसत्या गाठींचे.

माझा एक नियम होता. फोटोत माणूस नको, तार नको, टॉवर नको, गुटख्याची पुडी नको. निसर्ग म्हणजे निसर्ग. आणि हा नियम मोडायला टपलेला एकच माणूस होता, त्या शेताचा मालक.

हिवाळा सरला की तो कोयता घेऊन ऐनावर चढायचा. राबासाठी टहाळ तोडायचा असे. तोडलेल्या फांद्या वाळवून, शेणापातेऱ्यासकट जमिनीवर पसरून जाळायच्या, आणि त्या भाजलेल्या जागेत पावसाच्या तोंडावर भाताचं बी पेरायचं, ही इकडची रीत. मला हे सगळं माहीत होतं, तरी तो झाडावर दिसला की माझं डोकं फिरायचं. मी बांधावर बसून तो उतरायची वाट बघायचो. त्याला वाटायचं मी गप्पा मारायला बसलोय.

"ओ फोटोवाले," तो वरून ओरडायचा, "आज पाखरा घरात नाय. बाजाराला गेलीत!"

मी हसल्यासारखं करायचो. त्याची बायको भाकरी घेऊन आली की तो उतरून अर्धी माझ्यापुढे धरायचा. "माझं झालंय," असं मी दर वेळी सांगायचो. खरं तर बिस्किटांवर निघालेला असायचो. पण खायला बसलं की ऊन चढतं, आणि चढत्या उन्हात फोटो सपाट येतो.

गेल्या माघात तो बेचक्यात उभा राहिला, कोयता खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "काढा की एक माजा बी." नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून काढला. घरी येऊन फोटो निवडताना तो पुसून टाकला. पिंगळ्याचे डोळे मिटलेले, एकसारखे पाच फोटो होते, ते मात्र ठेवले.

पावसाळ्यात मी कॅमेरा बाहेर काढत नाही, लेन्सला बुरशी धरते. चार महिने घरातच होतो. दिवाळीच्या आधी ऐनाकडे गेलो तर भात कापणीला आलं होतं आणि त्याची बायको एकटीच विळा घेऊन वाकली होती. मी विचारलं, "वहिनी, दादा कुठे?"

ती उभी राहिली. "तुमाला म्हायती नाय? गेले. भाताची आवणी चालली व्हती, रोपं लावता लावता चिखलातच बसले ते उठलेच नाय."

पाऊण तासाच्या अंतरावर हे घडलं आणि मला पत्ता नव्हता. कळवणार तरी कोण? माझा नंबर तिथे कुणाकडेच नव्हता. मीच कधी दिला नव्हता.

"तुमची वाटच बघत व्हते मी," ती म्हणाली. "मुरबाडची पोर भाऊबीजेला येल. बाबांचा फोटो भिंतीवर पायजे म्हनते. आधारकार्डावरचा मोठा केला, त्यात ते कोनी दुसरेच दिसतात. तुमी त्यांचा काढलेला ना? ते सांगत व्हते घरी येऊन, फोटोवाल्यानं माजा काढला म्हनून."

"देतो," मी म्हणालो.

दोन दिवस मी कॉम्प्युटरसमोर बसलो. पुसलेला सापडणार नव्हता, पण चुकून आणखी एखाद्यात आला असेल. एका फोटोच्या कडेला त्याचा पाय निघाला, एकात पानांआडून कोपर. चेहरा कुठेच नाही. चार वर्षं मी इतक्या चिकाटीने त्याला टाळलं होतं की एकदाही चूक झाली नव्हती. बरं, चेहरा आठवायला गेलो, तर आवाज आठवला, कोयता आठवला, चेहरा काही नीट आठवेना. मला स्वतःची शिसारी आली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेलो. सापडत नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ओटीवर तिने खिळा आधीच ठोकून ठेवलेला दिसला.

"वहिनी, काढला होता. मीच पुसला," मी म्हणालो. "मला फक्त झाड हवं होतं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "झाडाचा हाय ना? तो दावा."

शहापूरहून मोठा करून आणलेला एक फोटो पिशवीत होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नेलेला, पानगळीतला, नुसत्या फांद्यांचा. तो तिने मांडीवर घेतला आणि गाठींवर बोट ठेवत गेली. "ही गाठ त्यांच्या बापानं दर साली तोडून तोडून धरलेली. ह्या सगल्या यांच्या. ही बघा, पोर झाली त्या साली चुकून खाली तोडली, मग वाकडीच वाढली. लय शिव्या घातल्या सोताला."

त्या वाकड्या फांदीसाठीच मी हा फोटो निवडला होता. निसर्गाची करणी म्हणून मुलालाही पाठवला होता.

तिने फोटो खिळ्याला लावला, चार पावलं मागे गेली, परत येऊन सरळ केला. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "थांबा. माजा एक काढा. पोरीला मागनं शोधत बसाया नको."

ती दारात उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, हात कुठे ठेवावेत ते न सुचून. मलाही सुचेना काय सांगावं. पिंगळ्याला कधी काही सांगावं लागत नाही. तीन काढले. तिला पडद्यावर दाखवले. तिने मधला पसंत केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आनि तुमचा कोन काढतो?"

"ह्यात टायमर असतो," मी म्हणालो. "बटण दाबून समोर जाऊन उभं राहायचं, आपोआप निघतो."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे कोणी नाही," मी म्हणालो.