झाकणाच्या आतला त्रिकोण

आशालताताई जुना गिअरबॉक्स उघडते तेव्हा आधी झाकणाची आतली बाजू बघते. ही रीत तिच्या वडिलांची, काशिरामांची. झाकण लावणाऱ्यानं आत छिन्नीनं आपली खूण करायची. पुढच्या माणसाला शिव्या कोणाला घालायच्या ते कळलं पाहिजे. घराणं मिठागरावरचं, म्हणून काशिरामांची खूण मिठाच्या राशीसारखा त्रिकोण. ते गेले. करंजाड्याची गाड्या दुरुस्तीची शेड आणि त्रिकोण ताईकडे आले.

मी साहित्यात एम. ए. केलंय. तिची पत्रं मी लिहून देते. मैत्री तिथूनच.

त्या दिवशी नेऱ्याचे परेशशेठ आपल्या काकांची अठ्ठेचाळीस सालची मोटार घेऊन आले. गाडी विकायची होती. गिअरबॉक्स गाडीचा मूळचाच, असं ताईचं पत्र गिऱ्हाइकाला हवं होतं.

"तुमच्या वडिलांनी तसं लिहूनच दिलंय," शेठनी जुना कागद पुढे केला. "तुम्ही फक्त नवीन सही करा."

"बापसाची सही बापसाची. मी खोलून बघनार."

गिअरबॉक्स खाली उतरला. अंगावर ओतीव अक्षरं होती. महिना, तारीख आणि शेवटी सालाचा नुसता सात.

"सात म्हणजे सत्तेचाळीस," शेठ म्हणाले. "डबा आधी ओतला, गाडी नंतर बांधली. जुळलं."

"सत्तावन्नचा पन सातच असतो, शेठ."

तिनं झाकण काढलं. पहिल्या गिअरला, तो अलगद पडावा म्हणून, पितळी कडं होतं. या बनावटीच्या जुन्या डब्यात ते नसतं, पुढं काही वर्षांनी आलं. सत्तावन्न. मग तिनं झाकण उलटं केलं. आत एकच खूण होती. त्रिकोण.

म्हणजे हा डबा दुसऱ्या कोणी उघडलाच नव्हता; आतलं बघून काशिरामांनीच तो बसवला होता. आणि मूळचा म्हणून लिहूनही दिलं होतं.

"आता नाव कोणाचं जाईल ते बघा," शेठ हळूच म्हणाले.

ताईनं हात पुसले. माझ्याकडं वळली. "लिव गं बाय. डबा सत्तावन्नचा. बसवला काशिराम मिस्त्रीनं. आधीचं पत्र खोटं."

माझं पेन थांबलं. "ताई, वडिलांचं नाव नाही घातलं तरी चालेल."

"एवढी शिकलीस नि अर्धं लिवतेस?"

मी लिहिलं. तिनं सही केली. शेठनी कागदाला हात लावला नाही. "झाकण लावा आणि द्या माझा डबा. आत काही खोदू नका."

"झाकन मी लावतेय. खून माजी."

तिनं छिन्नी घेतली. वडिलांच्या त्रिकोणाशेजारी आपला त्रिकोण ठोकला. शेठ उठून उभे राहिले. ती थांबली नाही. वडिलांच्या त्रिकोणाखाली तिनं दोन आकडे ठोकले. पाच. सात.

मग झाकण बसवलं आणि एकेक बोल्ट आवळत गेली.