मूठ न सोडणाऱ्या मावशी

मावशींच्या हातून भाजी सहजासहजी सुटायची नाही. तुम्ही जुडी उचलून पिशवीत घालायला जावं, तर तिचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत असायचं. आधी प्रश्न यायचा, "कशी करशील?" उत्तर पटलं तर मूठ उघडायची. नाही पटलं तर जुडी परत टोपलीत. म्हणून भुकूमच्या रविवारच्या शेतकरी बाजारात सगळे त्यांना मास्तरीण म्हणायचे. त्या स्वतः शाळेच्या पायरीला शिवलेल्या नव्हत्या.

हा बाजार आमच्या सोसायटीच्या मैदानात भरतो, सकाळी आठ ते एक. प्रत्येक शेतकऱ्याला एक टेबल आणि नावाची पाटी मिळते. मावशी टेबलाखाली पोतं अंथरून त्यावर बसायच्या आणि टेबल सावलीसाठी वापरायच्या. पाटी उलटी करून त्यावर मिरच्या ठेवायच्या. पौडच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. तिथून पहाटेच्या गाडीनं पौडला आणि पौडहून टेंपोनं इथं. टोपलीत कधी माठ, कधी वालाच्या शेंगा, आणि पावसाळ्याच्या तोंडाला डोंगरातल्या रानभाज्या.

एकदा हाफ पँटमधल्या एका पोरानं माठाची जुडी उचलली.

"कशी करशील?"

"स्मूदी करणार, मावशी."

"म्हंजी?"

"मिक्सरमधून काढायची आणि प्यायची."

मावशींनी जुडी ओढून घेतली. "जनावर बी चावून खातंय रं! लसूण घालून परतायची असंल तर ये."

पुढच्या रविवारी तो आला आणि धडा म्हटल्यासारखं म्हणाला, "लसूण घालून परतणार." मावशींनी त्याच्याकडं नीट बघितलं. "खोटं बोलतुयास. पर ध्यानात ठिवलंस, त्येच लई झालं. घे." आणि मूठ सोडली.

मला त्यांची धास्ती वाटायची. मी हिंगोलीकडची. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. आठवीला दुसऱ्या गावी जायला एसटी नव्हती, म्हणून शाळा सुटली. पण मास्तरांनी नाव घेतलं की वाटायची ती भीती काही सुटली नाही. लग्नानंतर आम्ही इकडं आलो. नवरा बांधकामावर, मी सोसायटीत स्वयंपाकाला. इतक्या लांब आल्यावर सारखं वाटायचं, एक चूक झाली की आपल्याला परत पाठवतील. कोण पाठवणार, ते मला सांगता आलं नसतं. त्यामुळे कुणी काही विचारलं की मी एकच बोलायचे, "येतं मला."

मी काम करायचे त्या घरात तिघंच, मॅडम, त्यांचे मिस्टर आणि मॅडमचे सासरे, ज्यांना मी आजोबा म्हणायचे. एका रविवारी मॅडमनी सांगितलं, "सुनंदा, बाजारातून काहीतरी लोकल आण. आपण नेहमीचंच खातो." मी मावशींपुढे उभी राहिले. टोपलीत जांभळट, टोकदार कोंब होते. आमच्याकडं असलं काही उगवत नाही.

"ही शेवळं," मावशी म्हणाल्या. "कशी करशील?"

मागं सहा-सात जणी उभ्या होत्या. मी म्हटलं, "कांद्यावर परतून. येतं मला."

"काकडं?" त्यांनी बाजूच्या हिरव्या, बोराएवढ्या फळांकडं बोट केलं.

काकडं म्हणजे काय, ती भाजीत घालतात की नुसती खातात, मला काही ठाऊक नव्हतं. "घरी आहेत," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मूठ थोडी थांबली. मग सुटली.

आजोबांना गोळ्या असतात, म्हणून त्यांना बाराला वाढावं लागतं. मी शेवळं कांद्यावर परतली. दिसायला छान झाली. आजोबांनी दोन घास खाल्ले आणि गळा धरला. खोकला, डोळ्यांतून पाणी. "गळ्यात काटे टोचल्यासारखं होतंय," म्हणाले. मॅडमनी एक घास चाखून बघितला, तर त्यांनाही तेच. त्या घाबरल्या होत्या, म्हणून आवाज चढला, "काय घातलंस यात? तुला येत नव्हतं तर सांगायचं ना! उद्यापासून येऊ नकोस."

मी जिन्यानं पळत खाली आले. बाजार आवरत आला होता. मावशी पोतं झटकत होत्या. रडत रडत मी सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं, "मावशी, तुमच्या भाजीनं माझं काम गेलं."

मला वाटलं, आता चार लोकांत माझी शोभा होणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारं माणूस हाय? श्वास नीट चाललाय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी उरलेली शेवळं आणि काकडं ओच्यात घेतली, शेजारच्या तांदूळवाल्यांना म्हणाल्या, "दादा, टोपलीकडं बघा," आणि निघाल्या. लिफ्टमध्ये पाय ठेवेनात. "त्या डब्यात न्हाई येत म्या." चार मजले त्या गुडघ्यावर हात ठेवून चढल्या.

मॅडमनी दार उघडलं. मावशी म्हणाल्या, "बाई, चूक माझी हाय. शेवळं काकडाबिगर द्यायची नसत्यात. म्या दिली. पोरीवर राग काढू नका. आदी त्यास्नी आमसूल द्या चघळायला."

आमसुलानं आजोबांना हळूहळू आराम पडला. तोवर मावशी ओट्यापाशी उभ्या राहिल्या होत्या. शेवळाचं बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दांडा टाकून द्यायचा, खाज मारायला काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा आणि मग शिजू द्यायचं. सगळं त्यांनी माझ्या हातून करून घेतलं. झाल्यावर सगळ्यांच्या आधी स्वतः खाल्लं आणि तोंड उघडून मॅडमना दाखवलं. "बगा, हाय का काय?" आजोबा हसले आणि म्हणाले, "मला पण द्या थोडं." मॅडम "नको" म्हणेपर्यंत त्यांनी घास घेतलाही होता. मग दुसरा घेतला. मॅडम बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "उद्या ये वेळेवर."

खाली उतरताना मी म्हटलं, "मावशी, माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही."

"म्या? न्हाई गं." त्या कठड्याला धरून थांबल्या. "तुला येत न्हाई, ते मला तवाच कळलं हुतं. पर मागं मानसं हुती, तुझं तोंड एवढंसं झालं हुतं. म्हनलं, चारचौघीत कशाला उघडं पाडू. मूठ सोडली. म्हंजी चूक माझीच की." दोन पायऱ्या उतरून पुन्हा म्हणाल्या, "येत न्हाई म्हनाया काय जातंय, पोरी? मला दररोज काय ना काय येत न्हाई."

त्यानंतर कितीतरी रविवार मी त्यांच्यापुढे उभी राहून "येत नाही, सांगा" म्हटलं. भारंगी, टाकळा, कुर्डू या रानभाज्या अशाच शिकले. पहिल्यांदा म्हणताना कान तापले होते. पुढं पुढं सवय झाली.

या दिवाळीनंतर मावशींचे गुडघे फारच दुखायला लागले. "आता फुडच्या रविवारपास्नं सून येईल," त्यांनी सांगून टाकलं. शेवटच्या रविवारी मी गावाहून आणलेली करडईची कोवळी भाजी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्या भातखाचरांच्या मुलखात करडई नसते. त्यांनी जुडी धरली, वास घेतला. मी माझ्याकडचं टोक सोडलं नाही.

"कशी कराल?" मी विचारलं.

तांदूळवाले दादा हसायला लागले. समोर तो स्मूदीवाला पोरगाही उभा होता. मावशींनी सगळ्यांकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला येत न्हाई. सांग."

मी सांगितलं. मूगडाळ भिजवून घ्यायची, भाजी बारीक चिरायची, वरून लसणाची फोडणी. त्या मान डोलवत ऐकत होत्या. मग मी मूठ सोडली.

पुढच्या रविवारी त्यांच्या जागी सून बसली होती, टेबलाशेजारी पोत्यावर, भाजी टेबलावर मांडून आणि पाटी सरळ लावून. मला बघून म्हणाली, "सुनंदाताई तुमीच न्हवं? आत्याबाईंचा निरोप हाय. भाजी झ्याक झाली, पर लसूण जळला. त्यो कवा घालायचा, ते परत सांगा म्हनल्यात."

मी तिच्याजवळ पोत्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.