शेंगांच्या पोळ्यांची उलटतपासणी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला वेणीमाधव देगावकर वकिली शिकायला पुण्याला गेला, ते साल एकोणीसशे तीस. करार, वारसा, फौजदारी हे विषय त्यानं मुकाट्यानं वाचले. पुराव्याचा कायदा मात्र त्याच्या अंगातच आला. सुट्टीत घरी आला की त्याच्यासमोर साधं बोलायची सोय नसे.

"शेजारच्या म्हणत होत्या, आज नळाला पाणी नाही," आई म्हणायची.

"ही ऐकीव गोष्ट. पुराव्यात चालत नाही," असं सांगून हा नळ सोडून बघायला जाई.

अशाच एका सुट्टीत आईबरोबर तो वैरागच्या गंगाधरमास्तरांची मुलगी, सरोजिनी, पाहायला गेला. मुलीच्या मावशीनं, यशोदाबाईंनी, शेंगांच्या पोळ्या पुढं केल्या.

"सगळ्या आमच्या सरूनं केल्यात हो!"

"तुम्ही तिला करताना पाहिलंत?" वेणीमाधवानं विचारलं.

मावशी गडबडल्या. आईनं डोळे वटारले. पण हा थांबतोय कसला! मुलीकडं वळून म्हणाला, "कूट कुणी केलं?"

"मावशीनं," सरोजिनी म्हणाली.

"पोळ्या लाटल्या कुणी?"

"मावशीनंच. मी एक लाटली होती. ती करपली, म्हणून गाईला घातली."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मावशी तडक आत गेल्या.

"आता मी काही विचारू?" सरोजिनी म्हणाली. एकानं प्रश्न विचारले की दुसऱ्यालाही उलटतपासणीचा हक्क, त्यामुळे नाही म्हणायला कायदाच आडवा येत होता. त्यानं मान हलवली.

"परीक्षेत सगळ्या विषयांत पास झालात?"

"एक राहिला."

"कुठला?"

वेणीमाधवानं रिकामा पेला तोंडाला लावला. "पुराव्याचा."

आधी सरोजिनी हसली, मग आई, आणि शेवटी मास्तरही.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुढच्या खेपेला तो पास झाला आणि सोलापूरच्या कोर्टात उभा राहू लागला. पहिला पक्षकार मोडनिंबचा आप्पा. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी दावा. वेणीमाधव असा रंगात येऊन बोलत होता, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं भाऊ कंटाळून बाहेर लिंबाखाली बसले आणि बोलता बोलता समेट करून आले.

"वकीलसाहेब, आमी मिटवलं," आप्पा म्हणाला. "पर तुमी लई झ्याक बोलत हुता. थांबू नगा."

घरी हे सांगताना वेणीमाधव स्वतःच इतका हसत सुटला, की सरोजिनीला सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं.