ग्लँडची दोरी

होडीच्या बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक असतं, हे ऐकून सावंतवाडीतल्या माझ्या सासरच्या माणसांना हसू आलं होतं. असतं बाबांनो. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, आरपार जाणार तरी कुठून? त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती पितळी डबी असते, ती ग्लँड. तिच्यात चरबी लावलेल्या दोरीची वेटोळी ठासायची आणि वरून नट आवळायचे.

इंजिनामागची ती जागा इतकी अडचणीची, की बाबांचा पंजा तिथे जायचा नाही. माझा जायचा. आरोंद्याच्या खाडीत ओहोटीला होडी टेकली की मी पोटावर पडून आत हात घालायचे. लग्न होईपर्यंत, म्हणजे चांगली चोवीस वर्षांची घोडी होईपर्यंत, ती दोरी मीच बदलली. प्रत्येक वेटोळं वेगळं कापायचं, सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नट बोटांनी फिरतील तेवढेच आवळायचे आणि वर पान्याचा जरासा हिसका. बाबांचं एकच सांगणं असायचं, "चालत्या होडयेत थेंब पडाक व्हयो." त्या थेंबानेच शाफ्ट थंड राहतो. पार कोरडा केला तर दोरी जळते आणि शाफ्टला चरा पडतो.

मग माझं लग्न झालं, बाबांचे गुडघे गेले आणि होडी धाकट्या भावाकडे गेली. मुलीला होडी कोण देतं? मी मागितलीही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला माहेरी गेले, तर भावाने होडीच्या तळाला आतून पांढराशुभ्र रंग लावलेला. पूजेला येणाऱ्या प्रत्येकाला फळी उचलून दाखवत होता, बघा, एक थेंब नाही! लोक वाहवा करत होते. बापाच्या हातात होती तेव्हा सारखं उपसायला लागायचं, पोरगा हुशार निघाला म्हणे. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते, आणि खूश होते. थेंब पडायलाच हवा हे ज्यांनी मला शिकवलं, ते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नारळ वाहायला होडी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. इंजिन बंद होताच मी ग्लँडला हात लावला, तर चटकाच बसला. भावाला बाजूला घेऊन सांगितलं, नट सैल कर, नाहीतर भर समुद्रात रडशील. तो हसला. "गरम तर व्हतलाच, मशीन आसा ती. तू पावणी गो, वर बस."

बाबांकडे गेले. ते म्हणाले, चार लोकांत हा विषय नको काढू, त्याचं मन मोडेल. माझं मन बहुतेक लग्नात सासरी देऊन टाकलं होतं त्यांनी.

तिसऱ्या दिवशी, मी अजून माहेरीच होते, होडीत भसाभस पाणी आलं. भाऊ आणि दोघे खलाशी आळीपाळीने उपसत कसेबसे खाडीत शिरले. पांढऱ्या रंगावर गुडघाभर काळं पाणी. भाऊ उतरून तसाच चिखलात बसला. मेले असते तिघेही. खोटं कशाला बोलू, त्याला बघून माझा राग पळाला होता.

ओहोटीला होडी टेकली. मिस्त्री आला, त्याचा हात आत जाईना. इंजिन उचलायला लागेल म्हणाला. भावाचाही जाईना. बाबांनी माझ्याकडे बघून फक्त "गो बाये" म्हटलं. मी ओढणी कमरेला बांधली आणि आत शिरले. जळलेली दोरी कोळशासारखी तुकड्यातुकड्याने निघाली. शाफ्टवर नखाला लागेल असा चरा होता. तो कधी ना कधी बदलावा लागणारच होता, पण तोवर चालेल अशी नवी दोरी मी बसवली. सगळी दुपार त्यात गेली. भरतीला होडी तरंगली, इंजिन सुरू झालं आणि थेंब सावकाश पडायला लागला.

काठावर माणसं जमली होती. मी हाताचं ग्रीस रेतीने चोळून काढत होते. कुणीतरी बाबांना विचारलं, कोणी केलं काम? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, आणि मग म्हणाले, "माझ्या झिलान."

त्यांचा झील, म्हणजे माझा भाऊ, मान खाली घालून उभा होता. मी संध्याकाळच्या एस्टीने सावंतवाडीला निघून आले.

यंदा दिवाळीच्या तोंडावर बाबांचा फोन आला. तोच शाफ्ट अजून, दोरी झिजलीय, पाणी फार येतंय, एक दिवस येऊन जा. मी म्हटलं, तुमच्या मुलाला सांगा की, मागच्या खेपेला त्यानेच बसवली ना. ते बारीक आवाजात म्हणाले, "त्येचो हात थंय जायना गो."

मी विचारलं, हे ऐकायला आता तुमच्याजवळ कोण आहे? म्हणाले, कोणी नाही, घरात एकटाच आहे.

मी फोन ठेवला. गेले नाही.