'कां'वरचं टिंब

बीडला कॉम्प्युटर विकणारा एक माणूस होता. प्रश्न तो विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. "महाग हाय का? हाय. लई साफ दिसतं का? दिसतं." बोलता बोलता पडद्यावर तोंडाची वाफ सोडायचा आणि शर्टाच्या बाहीने काच पुसायचा.

मी तेव्हा घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून द्यायचे आणि स्वतःला इतकी हुशार समजायचे, की आज नातवंडांनाही सांगवत नाही. एका पत्रिकेत 'चि. सौ. कां.'वरचं टिंब गळालं आणि नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. का' असं छापून आलं. तिचा बाप दारात येऊन गरजला, "ही शंका कुणाला आली?" मी सगळा दोष जुन्या पडद्यावर ढकलला. पण बारीक अक्षर स्पष्ट दाखवणारा भारी मॉनिटर घ्यायचा, तर पैशांअभावी प्रिंटर राहत होता, आणि प्रिंटरशिवाय माझा धंदा वाढणार नव्हता.

मी दुकानात गेले, तेव्हा त्या विकणाऱ्याने साधा आणि भारी मॉनिटर शेजारी ठेवून दोन्हींवर 'कां' उमटवलं. मी नाक काचेला लावलं. टिंब कुठेच दिसेना.

"भारीच द्या," मी ठसक्यात म्हणाले.

तेवढ्यावर तो विकून मोकळा झाला असता. पण त्याने नाकावरची चाळिशी काढून माझ्या हातात ठेवली. "लावून बघा, अक्का."

साध्या पडद्यावरही टिंब ठसठशीत उभं होतं.

"मी अजून अडतीसचीच आहे हो!" मी फणकारले.

"असंल," प्रिंटरचं खोकं पुढं ओढत तो म्हणाला. "टिंबाला काय ठावं?"