खोर फक्कान, दर्यातून पाहिलेलं

हसनचाचा डोलकाठीवरून पडले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. ते आणि माझे अब्बा, दोघे भाऊ, रत्नागिरीच्या एका मालवाहू गलबतावर खलाशी होते. अब्बांनी भावाला परमुलखात, खोर फक्कानच्या कब्रस्तानात पुरलं आणि दुसऱ्या सकाळी गलबत सुटलं तसे तेही निघाले. घरी पोचल्यावर त्यांनी दर्या सोडला तो कायमचा. पुढची वर्षं अम्मीनं काढली, जेटीवर कोलंबी सोलून. तिची बोटं अशी सुजायची की भाकरी थापता यायची नाही. मग अब्बा थापायचे. मोहल्ला हसायचा.

त्या भाकऱ्यांवर मी सिव्हिल इंजिनिअर झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो.

चार वर्षं मी शारजात अल मजाजला तिघांच्या खोलीत राहिलो आणि जमीन मोजायचं काम केलं. दर शुक्रवारी अब्बांचा फोन. “चाचाच्या कबरीवर गेलास का रे?”

“इन्शाल्ला, अब्बा.”

“तुझं इन्शाल्ला म्हणजे नाही, एवढं मला कळतं.”

मागच्या महिन्यात कंपनीनं माझी बदली मुसफ्फाला केली. तिथून खोर फक्कान म्हणजे देशाचं दुसरं टोक. त्याच आठवड्यात अब्बा फोनवर म्हणाले, “ती जागा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अनिस. मी गेलो की खलास.” सोमवारी मुसफ्फाला हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी मी शारजाच्या जुबैल स्थानकावर खोर फक्कानच्या बसमध्ये बसलो.

खिशात अब्बांचा नकाशा होता. त्यांना लिहिता येत नाही. लग्नपत्रिकेच्या मागे त्यांनी करवतीच्या दात्यांसारखे डोंगर, एक बुरूज, एक मशीद आणि फुली काढली होती. तोंडी सांगितलेलं एवढंच: “बुरुजाच्या उजव्या हाताला कब्रस्तान. आत गेल्यावर बुरूज डोंगराच्या फटीत आण आणि बेट मशिदीवर आण.” आमच्याकडे मासेमार पाण्याखालच्या खडकाची जागा अशीच, दोन-दोन खुणा एका रेषेत आणून, लक्षात ठेवतात. मी मात्र मनात म्हटलं, फोनमध्ये नकाशा आहे, हे कशाला?

वाळू संपली, उघडेबोडके तपकिरी डोंगर लागले, एकामागून एक बोगदे आले. मी सारखा घड्याळ बघत होतो. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जरा वेळानं समुद्र दिसला आणि मी उगाचच उभा राहिलो. ड्रायव्हर ओरडला, “बैठो भाई, समंदर भागता नहीं!”

गाव आटोपशीर. खोर फक्कान म्हणजे दोन जबड्यांची खाडी, आणि ते तसंच दिसतं: दोन बाजूंना डोंगराची टोकं, मध्ये गाव धरलेलं. पाचशे वर्षांपूर्वी फिरंग्यांनी ते जाळलं होतं. आज एका जबड्यात कंटेनरच्या क्रेन उभ्या आहेत आणि किनाऱ्यावर हिरवळीवर बायका-पोरं डबे उघडून बसतात. डोंगरावरून पाणी कोसळतं, तेही माणसानं केलेलं. जुनी घरं इतकी नीट डागडुजी केलेली की हात लावायला संकोच वाटावा. माझं मात्र कशातच धड लक्ष नव्हतं.

बुरूज सापडला. समुद्राकडे तोंड केलं, उजवीकडे वळलो आणि चालत सुटलो. तासाभरानं बंदराची भिंत आली. पलीकडे कंटेनरच कंटेनर. कब्रस्तान नाही. भरावात गेलं की काय?

मलबाऱ्याच्या टपरीवर पराठा-ऑम्लेट घेतलं, ते तसंच ठेवलं. मी अब्बांना फोन लावला.

“अब्बा, उजवीकडे बंदर आहे. कब्रस्तान राहिलं नाही.”

“तू उभा कुठे?”

“रस्त्यावर. समुद्राकडे तोंड करून.”

अब्बा म्हणाले, “अरे शहाण्या, मी काय मोटारीतनं आलो होतो? दर्यातनं बघ! तोंड डोंगराकडे कर, मग तुझा उजवा हात कुठला ते बघ.” मागून अम्मीचा आवाज आला, “पोराला ओरडू नका, उपाशी असेल.”

मी सगळा रस्ता उलटा चाललो. बुरूज ओलांडला, मासळीबाजार ओलांडला आणि त्यापुढे कब्रस्तान दिसलं. पांढरी भिंत, आत शेकडो कबरी, डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. नाव कुठेच नाही, इकडची रीतच तशी. फोनमधला नकाशा इथे काय सांगणार?

बुरूज डोंगराच्या फटीत येईल तसा मी सरकत गेलो. एक रेषा मिळाली. दुसरीसाठी मशीद होती, बेट नव्हतं. कंटेनरच्या थप्पीनं ते झाकलं होतं.

फाटकाशी एक म्हातारा अरब बसला होता, हातात कनअदची (आपली सुरमई) पिशवी. जुने मच्छीमार छान हिंदी बोलतात. “हबीबी, क्या ढूँढता है? कबर में कोई भागता नहीं.”

“चाचा, बेट कुठे आहे?” मी हिंदीत विचारलं.

त्यांनी ढुंकूनही न बघता हात केला. “नीला क्रेन के पीछे. पचास साल उधर जाल डाला, मेरे को नहीं मालूम?”

मी निळी क्रेन मशिदीच्या डोक्यावर आणत चाललो. शेवटची बस चुकेल ही भीती होती, पण पाय आपोआप हळू झाले. दोन्ही रेषा जुळल्या तिथे थांबलो आणि खाली बघितलं.

सगळीकडे करडे दगड. या एका कबरीच्या डोक्याशी तांबडा, भोकाभोकांचा दगड होता. जांभा. आमच्या घराच्या भिंतीत आहे तोच.

मी खाली बसलो. फाटकाशी म्हाताऱ्यानंही न सांगता दुआसाठी हात उचलले. मी फातिहा पढली. मग सलाम करून मी हळूच म्हटलं, “चाचा, तुमच्या भावाचा मुलगा. शिकलो.”

बसमधून फोन केला. “जांभा आहे, अब्बा. सांगितलं का नाहीत?”

“तो गलबताच्या तळाला भार म्हणून होता,” ते म्हणाले. “भावाला द्यायला दुसरं काय होतं माझ्याकडे? आणि आता असेल असं वाटलं नव्हतं.” मग त्यांनी विचारलं, “जेवलास का?”

मुसफ्फाला पोचल्यावर मी कागद घेतला आणि जागा नीट मांडली: बुरूज, फट, मशीद, निळी क्रेन, पावलांची अंतरं. वर ठळक अक्षरांत लिहिलं: तोंड डोंगराकडे करा. एक प्रत घरी पाठवली. हसनचाचांची कबर सापडली आहे, आणि आता ती आमच्यातल्या कुणालाही सापडेल.